यंदाची शिक्षा

मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा देवासच्या आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला. मुलगी सातवीत जाणार होती, मुलगा सहावीत. मेच्या सुट्टीत आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर अख्खं वर्ष मांडून बसलो. टक्केवारी कन्नौदच्या मंडीत, पिकं तिरल्याला माझ्या भावाच्या शेतात, झाडं उदयनगरच्या जंगलात. एवढ्या सहलींत अभ्यास कुठे बसवायचा हा प्रश्न होता, पण तो मला फारसा छळत नव्हता.

गाडं अडलं मराठीपाशी. आमची मुलं मराठी बोलतात, म्हणजे क्रियापद मराठी आणि बाकी सगळं हिंदी. मीही हिंदी शाळेतलीच. मराठी पान ठेचकाळत वाचते. शिकवू शकणारे एकच, मामंजी. माझे सासरे धारला एकटे राहतात, जन्मभर त्यांनी शाळेत शिकवलं. पण मुलं शाळा सोडणार हे कळल्यापासून ते फोनवर माझ्याशी फक्त उन्हाबद्दल बोलत. आणि नवऱ्याने साफ सांगितलं होतं, "बाबा हो म्हणाले तर ठीक. नाहीतर जूनमध्ये दोघं परत शाळेत."

म्हणून वर्षाचा मोठा तक्ता घेऊन आम्ही चौघांनी धार गाठलं. तो मुलांनी स्वतः लिहिला होता, मराठीत, वर दोघांची नावं रंगवून. मी दोनदा वाचून शाबासकीही दिली होती.

मामंजींनी चष्मा लावला आणि मथळा वाचला, "यंदाची शिक्षा." मग मान वर करून म्हणाले, "पोरांनी गुन्हा काय केलाय?"

मुलं गोंधळली. खरं सांगायचं तर मीही. ते पुढे वाचू लागले, "मराठी. आम्ही रोज वाचायची चेष्टा करू. आजोबा पण आमच्यासोबत चेष्टा करतील."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. मुलगा बहिणीला हळूच म्हणाला, "सही तो लिखा है ना अपन ने?"

माझा जीव टांगणीला लागला. वर्ष बुडालं, असंच मला वाटलं.

मामंजींनी दोघांना जवळ बसवलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. सांगता सांगता त्यांचा आवाज वर्गातला झाला. मुलीने विचारलं, "असे अजून शब्द आहेत?" आहेत की, म्हणत ते असे रंगले, की त्यांच्यासमोरचा चहा गार झाला. मुलं पोट धरून हसत होती आणि मला उगाच रडू येत होतं, इतकं छान वाटत होतं.

शेवटी मीच धीर करून विचारलं, "मामंजी, मग जूनचं काय करायचं?"

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "मराठी फक्त शनिवारी, धारला? एवढी शिक्षा आठवड्यातून एक दिवस भोगून संपायची नाही, सूनबाई. मी देवासला येतो."

मुलगा खोडरबर घेऊन मथळ्याकडे वळला.

"राहू दे ते," मामंजी म्हणाले. त्यांनी पेन मागून घेतलं आणि मुलांच्या नावांखाली स्वतःचं नाव लिहिलं.