सरकलेली बेंबी

माझी मावशी फुआतिनो पोटं चोळते. सवाई बेटावरच्या आमच्या चार गावांत कुणाची बेंबी सरकली की तिलाच बोलावतात. बेंबीखाली जे ठोके देतं त्याला आम्ही तोआला म्हणतो. जड उचललं, घाबरलं, की ते जागा सोडतं. मावशी खोबरेल लावून बोटांनी त्याला परत आणते. पैसे घेत नाही. घेतले तर हाताचा गुण जातो. मासा, अळूचे कंद, देतील ते.

मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर तुटून पडले. मावशी एवढंच म्हणाली, "आधी तिला जेवू द्या." तेव्हापासून तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी भांडते.

गेल्या वर्षी तिच्याच बेंबीत गाठ आली. चिंचोक्याएवढी, टणक, जांभळट. "माझाच तोआला सरकला बघ," म्हणाली आणि हसली. आठ महिने रोज सकाळी स्वतःच चोळत होती. पोट फुगलं तरी चोळत होती. गाठीतून पाणी यायला लागलं तेव्हा मी तिला ओढत बोटीत बसवलं.

पलीकडच्या बेटावर, आपिया शहरातल्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला, पोटाचे फोटो काढले. डॉक्टरीण आमच्यातलीच. खुर्ची ओढून मावशीसमोर बसली, मग बोलली.

"हा तोआला नाही, मावशी. कॅन्सर आहे. अंडाशयातला."

"ते आत असतं. हे तर बाहेर आहे."

"आतूनच आलाय. बेंबीत फार कमी जणींना येतो. पण तिथं दिसला म्हणजे बहुतेक वेळा आतही पसरलेला असतो. तुमच्या यकृतावर आहे."

"किती दिवस?"

"काही बायका वर्षभर काढतात. औषध लागू पडलं तर दोन-तीन वर्षं, एखादी जास्तही. तुमचं आज नाही सांगता येत."

"मी चोळला म्हणून पसरला?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. उशीर मात्र झाला."

परतीच्या बोटीत मी केळ्याचे वेफर्स खाल्ले. पूर्ण पुडा. चव लागली नाही. मावशी पाण्याकडे बघत म्हणाली, "लोसालाही अशीच गाठ आहे."

लोसा पलीकडच्या गावातली. तिचं पोट मावशी दोन महिने चोळत होती.

"तिचा हर्निया असेल," मी म्हटलं. "गप्प बस ना. बोललीस तर लोक म्हणतील, स्वतःला मारलं, आता आम्हाला मारते."

"म्हणू दे."

घरी न जाता ती सरळ लोसाकडे गेली, मी मागोमाग. लोसा चटईवर आडवी झाली, सदरा वर केला. "आलीस? तेल काढूनच ठेवलंय."

"चोळणार नाही."

"का गं? आपिया बघून आलीस तर भाव वाढला?"

"माझी गाठ अशीच होती. कॅन्सर निघाला. आठ महिने चोळला मी तो."

लोसानं सदरा खाली ओढला. तेलाच्या वाटीत माशी पडली, ती मी काढली.

"तुझ्या हातांना कळलं नाही?" लोसानं विचारलं.

"नाही कळलं. गुरुवारी मी औषधाला जातेय. तूही चल, दाखवून घे."

लोसानं परत सदरा वर केला. "एकदा चोळ. मग येते."

मावशीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"आधी चल," म्हणाली.

गुरुवारी बोटीत आम्ही तिघी होतो. लोसाचं काय ते अजून कळलेलं नाही.