आरमारी सरदाराची अंत्ययात्रा आणि सासूबाई

भुतंखेतं, अंगात येणं, असल्या गोष्टींची मी कायम टिंगल केली. शाळेत विज्ञान शिकवायचे ना! त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळायला होतंय... पण लिहिते.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. मुलुंडला, स्टेशनच्या पश्चिमेला आमच्या दोन खोल्या. सासरे मालवाहू बोटीवर खलाशी होते. काही वर्षांपूर्वी बोट बुडाली, देह सापडलाच नाही. सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. "बघल्याशिवाय कसा मानू?" म्हणायच्या. दिवस घालायचा विषय निघाला की ताटावरून उठायच्या. इकडे ह्यांना, बापाचं काहीच केलं नाही, ही टोचणी. मायलेकांचं बोलणं तुटायची पाळी आली होती.

अशात ह्यांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून काचेच्या चौकटीतलं एक जुनं छापील चित्र आणून भिंतीवर लावलं — विलायतेतलं भलंमोठं चर्च, मेणबत्त्या, माणसांची ही दाटी, मधोमध निशाणाखाली झाकलेलं काहीतरी. सासूबाईंना वाटलं, देवाची पालखीच! रोज हळदकुंकू वाहायला लागल्या. आम्ही हसू दाबत होतो. शेवटी एका रविवारी ह्यांना राहवेना.

"आई, पालखी कसली! आरमारातल्या बड्या सरदाराचं मढं आहे ते. सरकारी इतमामानं चाललंय. खाली इंग्रजीत लिहिलंय."

मला वाटलं, आता चित्र बाहेर जाणार. त्या चित्राजवळ सरकल्या. "दर्यावरच्या माणसाक एवढो मान?"

दुसऱ्या दिवशी मी सकाळची शाळा उरकून आले. भर दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. आणि पावलं ऐकू आली... शेकडो माणसं एका तालात, सावकाश चालल्यासारखी. मग घंटा. वितळत्या मेणाचा वास, त्यात खारा वारा — मुलुंडला समुद्र कुठला हो! चित्रातल्या ज्योती, खोटं सांगत नाही, हलत होत्या. भीती अजिबात वाटली नाही. बसून राहणं बरं नव्हे असं वाटलं, म्हणून मी उठले.

सासूबाई आधीच डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या.

"दिसले गो," त्या म्हणाल्या. "इतक्या माणसांनी खांदो दिल्यानी त्येंका."

मग सगळं थांबलं. चित्राची काच ओली होती. बोट लावून चाखलं, तर खारट.

दमट हवा, मनाचे खेळ, सगळं लावून पाहिलं. आजही काही जुळत नाही. दोघींना एकदम कसं ऐकू येईल?

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं.

"बाबल्या, आता बापाशीचे दिवस घाल," म्हणाल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडल्या.