निरोपाची कोंडी

वणवा नियंत्रण कक्षातले मुख्य वायरलेस चालक घरीदारी ‘ओव्हरसाहेब’ याच नावाने ओळखले जात. भाजीवाल्याशी घासाघीस आटोपतानादेखील त्यांच्या तोंडून शेवटी ‘ओव्हर’ निघून जाई. त्यांची एकुलती एक लेक यंदा वनरक्षक झाली होती आणि हट्टाने डोंगरापलीकडच्या शेवटच्या चौकीवर गेली होती.

त्या चौकीपर्यंत नियंत्रण कक्षाचा आवाज पोहोचत नसे. डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांनी तो ऐकायचा आणि पुढे सांगायचा, अशी व्यवस्था होती. माथ्यावरचे तंबू हंगामाप्रमाणे जागा बदलत. त्यामुळे कोणाचा आवाज कुठवर जातो, हे खात्रीने कोणालाच सांगता येत नसे. शिवाय सगळ्यांच्या वायरलेसची लहर एकच. एक जण बोलला तर शब्द स्वच्छ येत; दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिट्टी.

यावर प्रशिक्षणाला आलेल्या इंजिनिअर बाईंनी एक उपाय शिकवला होता. निरोप एकदा बोलायचा आणि नाणे उडवायचे. छापा आला तर पुन्हा बोलायचे. काटा आला तर त्या फेरीपुरते गप्प बसून ऐकायचे. बोलणारे निम्म्या-निम्म्याने गळत जातात आणि एखादा क्षण असा येतो, की एकटाच कोणीतरी बोलत असतो. सगळेच एकदम गळून फेरी फुकट गेली, तर पुन्हा पहिल्यापासून.

‘‘माणसांचे जीव आम्ही छापा-काट्यावर सोडायचे?’’ ओव्हरसाहेबांनी विचारले होते.

‘‘माणसांवर सोडले तर सगळे एकदम बोलतात हो,’’ बाई म्हणाल्या होत्या.

बाईंची पाठ वळताच साहेबांनी फर्मान काढले: नाणी खिशात ठेवा, निरोप मिळाला की पोच येईपर्यंत सांगत राहा.

आणि एका दुपारी वारा फिरला. आग डोंगर ओलांडून शेवटच्या चौकीच्या दरीकडे वळली. साहेबांनी निरोप सोडला, ‘‘शेवटची चौकी रिकामी करा. ओढ्याच्या वाटेने पुलावर उतरा.’’ माथ्यावरच्या साऱ्या चौक्यांनी तो इमानेइतबारे उचलला, आणि कक्षातल्या सेटमधून कान किटवणारी शिट्टी सुरू झाली. पोच काही येईना. साहेबांनी पुन्हा बटण दाबले. पुन्हा तोच निरोप, अधिक मोठ्याने. पुन्हा शिट्टी.

‘‘साहेब,’’ शेजारी टेलिफोनवर बसणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘तुम्हीच थांबत नाही, तर ते कशाला थांबतील?’’

‘‘पोरगी आहे तिथं माझी.’’

‘‘म्हणूनच म्हणते.’’

साहेबांचे बोट बटणावरून निघाले. चूक कुठे झाली हे आता त्यांना उमगले होते. पण ती सुधारायची कशी? जो बोलत असतो त्याला ऐकू येत नाही, आणि माथ्यावर सगळेच बोलत होते. श्वास घ्यायला कोणी थांबेल त्या फटीत शिरायचे, एवढेच हाती होते. शिट्टी जराशी विरळली तसे ते म्हणाले, ‘‘नाणं उडवा,’’ आणि हात मागे घेतला. पुढच्या फटीत पुन्हा तेवढेच.

कोणी ऐकले का? ऐकले असेल, तरी आपणच बंद पाडलेला नियम कोणाला आठवत असेल का? नाण्याऐवजी खिशात नुसत्या काड्यापेट्याच असतील तर? साहेब खुर्चीच्या कडेला सरकून बसले. शिट्टी चालूच होती. मग ती तुटक झाली. पुन्हा वाढली. पुन्हा तुटली, आणि अचानक त्यातून एक ठसका ऐकू आला.

‘‘माथ्यावरच्या मधल्या चौकीचा ठसकेबुवा,’’ बाई पुटपुटल्या. ठसकेबुवांचा एकट्याचा घोगरा आवाज निरोप सांगत होता, शब्दन् शब्द सुटा.

मग शांतता. पोचही याच वाटेने, याच नाण्यांवर यायची होती.

‘‘शेवटची चौकी निघाली,’’ ठसकेबुवा म्हणाले. ‘‘ओढ्याच्या वाटेनं. नुसती शिट्टी येत होती म्हणून पोरगी सेट बिघडला समजून तो खोलायला बसली होती म्हणे. धूर दारापर्यंत आलाय.’’

दारापर्यंत म्हणजे किती? ती धावू शकते आहे ना? विचारण्यासाठी साहेबांचे बोट बटणावर गेले. तोच माथ्यावरून दुसऱ्याच चौकीचा आवाज येऊ लागला. दरीत लाकूडतोड्यांचाही तळ होता, आणि त्यांना हलवायचा निरोप अजून वाटेत होता. साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ते खिडकीतल्या धुराकडे पाहत राहिले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो तसाच राहिला.

सावल्या लांबल्यावर फोन वाजला.

‘‘पुलावरून आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कोणी मुलगी आहे. फार चिडलेली दिसते.’’

साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला आणि तिचा राग आटोपेपर्यंत चकार शब्द काढला नाही.