खिडकीपलीकडची धायटी

आई अंथरुणाला खिळली त्या हिवाळ्यात मी भंडाऱ्याचं घर नवऱ्यावर सोपवून करडीला माहेरी जाऊन राहिले. अर्धांगानं तिची उजवी बाजू गेली होती. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. धाकट्या भावानं तिची खाट मागच्या खोलीत खिडकीपाशी लावली होती. बाहेर आमचीच पडीक जागा, पुढं जंगल, आणि दोहोंच्या मध्ये धायटीची झुडपं.

माघात धायटी फुलली. पानं झडलेल्या फांद्या लाल, नळीसारख्या बारीक फुलांनी भरून गेल्या. रान तेव्हा वाळायला लागलेलं असतं, पाणीही आटत येतं, त्यामुळे रसासाठी सगळे या झुडपांकडे धावायचे. सकाळी अंगठ्याएवढ्या फुलचुख्या यायच्या, वाकडी चोच फुलात खुपसायच्या. ऊन चढलं की मधमाश्या, दुपारी बुलबुल. आई पाहत पडून राहायची. भरवताना मी खिडकीच्या आड आले की डाव्या हातानं मला बाजूला सारायची.

"आली," फुलचुखी दिसताच ती एकदा म्हणाली. अर्धांगानंतरचा तिचा तो पहिला स्पष्ट शब्द.

फाल्गुनात भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. त्याच्या आधी एक दिवस मी औषधं आणायला भंडाऱ्याला गेले. परतले तेव्हा जेसीबी आवारातून बाहेर पडत होता. मागची जागा सपाट झाली होती. धायटी मुळासकट उपटून ढीग घातला होता आणि मधमाश्या त्या ढिगावरच घोंगावत होत्या.

"काहून रे काढलं?" मी भावाला विचारलं.

"मांडव टाकाचा आहे, ताई. पाहुणे गाड्या कुठं लावतीन? अन् माश्या चावल्या कोणाले तं?"

"आई दिवसभर तेच पाहून राहिली होती. तुले दिसलं नाही?"

"झुडपंच तं होती. जंगलात लय आहेत अजून."

"तिले नेतं का तू जंगलात?"

तो मांडववाल्याला फोन लावत निघून गेला.

आई जागी होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोरच झालं होतं. तिनं भिंतीकडे बोट केलं. मला उमजेना.

"फिरव," ती म्हणाली.

मी खाट फिरवली.

साखरपुडा थाटात झाला. सकाळी दोन फुलचुख्या मांडवाच्या दोरीवर बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि उडून गेल्या. पाहुण्या बायका आईला भेटायला आत यायच्या, भिंतीकडे तोंड केलेलं पाहून दाराशीच थबकायच्या. "झोपल्या आहेत," भावजय सांगायची. आई झोपलेली नसायची.

वैशाखात ती गेली. तोवर तिनं खाट परत फिरवायला सांगितलं नाही.

त्या जागेवर आता ट्रॅक्टरसाठी टिनाचं शेड आहे. भाऊबीजेला भाऊ माझ्याकडे येतो, मी ओवाळते, तो साडी देतो. मागच्या वर्षी त्यानं विचारलं, "अजून राग आहे का, ताई?"

"आहे," मी म्हटलं.

त्यानं चहा संपवला आणि गाडीची किल्ली उचलली.