उताराकडे पाठ

आमच्या परळीच्या गल्लीत एक फळवाले चाचा राहतात. त्यांचा टेम्पो रोज अंबाजोगाईचा घाट चढतो-उतरतो, पण ब्रेकला ते गॅरेजवाल्याला हात लावू देत नाहीत. ब्रेकचे लायनर झिजले की सकाळीच घरासमोर चाकांचे ड्रम उघडून नवे बसवतात. मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला चाचींना केबिनमध्ये बसवतात आणि स्वतः चाकापाशी बसून ओरडतात, "दबा! पकड! छोड!" तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत अख्ख्या गल्लीची झोपमोड. मला राग येतो, तरी चहा घेऊन मी ओट्यावर बघत बसतोच.

काम झालं की ब्रेक तपासायला चाची टेम्पो गल्लीच्या उतारावरून हळूहळू खाली आणतात. चाचा रस्त्याच्या मधोमध, टेम्पोकडे पाठ करून, सीताफळ खात उभे असतात. टेम्पो हातभर अंतरावर थांबतो. न वळताच ते उरलेलं अर्धं सीताफळ मागे धरतात. चाची उतरून ते घेतात आणि तिथंच उभ्या उभ्या खातात.

आज मी विचारलंच, "चाचा, भीती नाही वाटत?"

"लई वाटती की, सर," बी थुंकत ते म्हणाले. "म्हनून तर मागं बघत न्हाई."