गाळातला ळ

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी माझी चुलत बहीण आमच्या ओट्यावर आली आणि तिने भूगोलाचा पेपर माझ्या मांडीवर ठेवला. आठवीची सराव चाचणी झाली होती, पेपर घरी दाखवून सही आणायला सांगितलं होतं. काकीला दाखवायच्या आधी तिने तो माझ्याकडे आणला होता. प्रश्न सागरतळाचा होता. एका वाक्याखाली लाल रेघ होती. तिने लिहिलं होतं, 'नद्यांच्या मुखाशी गाल साचतो.' शेजारी बाईंनी विचारलं होतं, 'कोणाचे गाल?'

बाईंनी ते वर्गात वाचूनही दाखवलं होतं. वर्ग हसला, बाई हसल्या. ती म्हणाली की तीसुद्धा हसली, कारण मुख आणि गाल असे शेजारी आल्यावर कोणालाही हसू येईल.

मला आलं नाही. राई गावात आमच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत ळ नाहीच. आमचे डोळे डोले असतात, जाळं जालं असतं, शाळा शाला. बोलताना कोणाचं काही अडत नाही. अडतं ते लिहिताना, आणि गावाबाहेर तोंड उघडताना. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. अजूनही 'शाळा' म्हणायच्या आधी मी किंचित थांबते. घाई असली की आवाज ल आणि ळच्या मधे कुठेतरी ठेवून देते, ऐकणाऱ्याने हवं ते ऐकावं.

यंदाची आठवी साधी नव्हती. माझ्या वेळी आठवीपर्यंत कोणाला नापास करत नसत. आता करतात. विषय राहिला तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर पुन्हा आठवी. त्यात गावातली शाळा आठवीलाच संपते, नववीसाठी भाईंदरला जावं लागतं. तिथल्या एका शाळेत गेल्या वर्षी हिच्या वर्गाला विज्ञान प्रदर्शनासाठी नेलं होतं. सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघायला रांग लागली होती. हिचा नंबर आला, तिला विटा रचल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि तेवढ्यात मागच्यांनी ढकललं. तेव्हापासून तिला नववी हवी आहे. डॉक्टर व्हायचंय वगैरे ती म्हणत नाही. तिला तो पापुद्रा नीट बघायचाय, एवढंच म्हणते.

काकी बाजारात मासळी विकते. तिने आपला निकाल दिवाळीनंतरच सांगून टाकला होता, ओरडून नाही, मासळीच्या पाट्या धुता धुता.

"पास झाली तं नववी. नापास झाली तं परत त्याच वर्गान न्हाय बसवनार. माझ्याबरोबर बाजारान येल."

काकी मनाने कठोर नाही. तिच्या मोठ्या मुलाला नववीत परत बसवलं होतं, तेव्हा तो रोज दप्तर घेऊन निघायचा आणि खाडीवर जाऊन बसायचा. पोर एकदा लहान मुलांत बसली की तिचं मन उडतं, हे काकीने स्वतःच्या घरात पाहिलंय. म्हणून मला तिच्याशी वाद घालता आला नाही. मी फक्त म्हटलं की रोज संध्याकाळी हिला माझ्याकडे पाठव.

गणित तिला येत होतं. विज्ञानात पेशी, हृदयाचे कप्पे, आम्ल आणि आम्लारी, सगळं तोंडी विचारलं तर धडाधड सांगायची. नागरिकशास्त्रातली संसद तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. पण लिहायला बसली की उत्तर दोन ओळींत संपायचं, आणि मराठीत तर गुण अगदी काठावर. मला वाटलं, आळस असेल. मी तिला 'माझी शाळा' हा निबंध लिहायला दिला. तिने वर शीर्षक लिहिलं, 'माझे विद्यालय'.

मी पुढे वाचत गेले. विद्यालय भरतं 'दुपारच्या आधी'. मैदानावर मुलं 'मजा करतात'. बाई 'भिंतीवरच्या पाटीवर' लिहितात. ती घरी परत येते 'सूर्य बुडताना'. तिच्या मैत्रिणीचे 'नेत्र' सुंदर आहेत. निबंध वाईट नव्हता, पण आमच्याकडची पोर कोणाच्या नेत्रांबद्दल बोलेल असं मला वाटेना. मग एकदम लक्षात आलं. सकाळी नाही, खेळतात नाही, फळा नाही, संध्याकाळी नाही, डोळे नाहीत. अख्ख्या पानावर एकही ळ नव्हता.

मी विचारलं, तेव्हा तिने पेनाला टोपण लावलं.

"ताई, ते अक्षर कुठं येतं तेच मला कलत न्हाय. मंग शंका आली की मी त्या शब्दाला वलसा घालून जाते."

तो 'वळसा'ही तिने 'वलसा' असाच म्हटला. जिथे वळसा सापडत नव्हता तिथे ती उत्तरच तोडून टाकत होती. उत्तरं लहान होती ती त्यामुळे. एवढं डोकं वापरून ती स्वतःचे गुण कमी करत होती.

मी शिकवायला लागले, पण मला तरी कुठे शिकवता येत होतं? जीभ मागे वळव, टाळूला लाव, असं सांगायचे. ती आरशासमोर उभी राहून करायची आणि आवाज निघायचा र आणि ड यांच्या मधला. मग जोड्या काढल्या. काल आणि काळ, माल आणि माळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ. ती दाराआड उभी राहायची, मी एक शब्द म्हणायचे, तिने ओळखायचं. ती नुसता अंदाज मारायची. खरं सांगायचं तर मीही माझ्या उच्चाराबद्दल खात्रीने काही सांगू शकत नव्हते.

काका ओट्याच्या टोकाला जाळं शिवत बसलेला असायचा. एकदा तो मान वर न करता म्हणाला, "जालं म्हना नायतं जाळं म्हना, मासली तीच गावते." त्यावर काकी आतून म्हणाली की माझी ही पुतनी कालेजान गेली तवापासून तिचे जिबेला गाठ पडलीय, आता ती आपले पोरीलाही लावतेय. आम्ही सगळेच हसलो. पण हसताना बहीण माझ्याकडे बघत होती, की आता मी सोडून देणार का.

सोडलं नाही. उलट वेगळंच झालं. तिने ठरवलं की ळ टाळायचा नाही, आणि मग तो सगळीकडे घालायला लागली. 'काळ मी बाजारात गेळे आणि फुळं आणळी,' असं एका संध्याकाळी तिने लिहून दाखवलं. मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, एवढे घातलेत, काही तरी बरोबर लागतील.

शिमग्याच्या आदल्या दिवशी काकीने आम्हाला पुरणासाठी गूळ आणायला पाठवलं. आमच्या शेतांच्या जागी झालेल्या इमारतींपैकी एकीच्या खाली एक गुजराती जोडपं किराणा दुकान चालवतं. आम्ही त्यांच्याशी हिंदीतच बोलतो. बहिणीने अर्धा किलो गुड़ मागितलं. दुकानातल्या आंटीने आत नवऱ्याला हाक मारून सांगितलं की अर्धो किलो गोळ आपजो.

बहीण काउंटरवर वाकली. "आंटी, अभी क्या बोला आपने?"

"क्या बोला? गोळ बोला. गुड़."

"फिर से बोलो ना."

आंटीने पुन्हा म्हटलं. हिने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. आंटी माझ्याकडे वळून म्हणाली, "इसको गोळ चाहिए कि मेरी ज़बान?"

मलाही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं त्या दुकानात जातेय, पण तो ळ मी कधी कानावर घेतला नव्हता. मराठी शिकायची ती मराठी माणसाकडून, असंच डोक्यात होतं. बहीण मात्र एवढंच म्हणाली, "ताई, त्यांची जीभ मागे जाते, दिसते." माझी दिसत नसणार, कारण मी ती भीत भीत नेते.

त्यानंतर ती कोणतंही सामान आणायला स्वतःहून पळायला लागली. हळदर म्हणजे हळद, मगफळी म्हणजे शेंगदाणे, केळां, काळां मरी म्हणजे काळी मिरी. आंटी एकेक नाव म्हणायची आणि हिच्याकडून वदवून घ्यायची. नीट नाही आलं की म्हणायची, "जीभ को मोड़, पापड़ जैसे मोड़ते हैं." गिऱ्हाईक थांबलेलं असलं की तेही सल्ला द्यायचं. परीक्षेच्या आधी एका दुपारी ती धावत आली आणि ओट्यावरून ओरडली, "हळद!" काकीने विचारलं, "संपली काय?"

अर्थात सगळं तिथे मिळालं नाही. दुकानात जीभ सापडली, पण 'वेळ', 'जवळ', 'केवळ' हे शब्द किराण्यात येत नाहीत. ते पाठच करावे लागले. ती भांडी घासताना म्हणायची, रिक्षाच्या मागे लिहिलेलं वाचताना ळ शोधायची. दाराआडचा खेळ आम्ही परत सुरू केला. आता ती शब्द म्हणायची आणि मी ओळखायचे. एकदा मी चुकले. ती तोच शब्द परत म्हणाली, सावकाश, मला ऐकू येईपर्यंत.

मराठीची तोंडी परीक्षा आधी झाली, तीही त्याच बाईंनी घेतली. परिसरातल्या कोणत्याही गोष्टीवर थोडं बोलायचं होतं. मी तिला सण सुचवला होता, सोपा म्हणून. तिने वर्गात उभं राहून खाडी निवडली. भरती कशी येते, होड्या कुठे लागतात, हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की आमच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचतो. मागच्या बाकावर कोणीतरी गालाला हात लावला. बाईंनी वहीतून मान वर केली.

"काय साचतो?"

"गाळ, बाई."

बाईंनी मान डोलावली आणि गुण लिहिले. एवढंच झालं. पण हे मला सांगताना तिने 'गाळ' दोनदा म्हटलं, गरज नसताना.

लेखी पेपर झाला त्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले. ती प्रश्नपत्रिका घेऊन ओट्यावरच बसली होती. निबंधात 'शाळेचा शेवटचा दिवस' आला होता, तोच तिने लिहिला. मी विचारलं, शीर्षक काय लिहिलंस? ती म्हणाली, जे छापलं होतं तेच. एका ठिकाणी 'ढवळून' की 'ढवलून' ते आठवेना. आधी असतं तर वाक्यच खोडलं असतं, म्हणाली. मग दोन्ही हळू आवाजात म्हणून पाहिले, पर्यवेक्षकांनी दटावलं, आणि तिने एक लिहून टाकला.

"कोणता?"

"ळचा. चुकला असला तं चुकला. वलसा न्हाय घातला."

निकालाच्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. मराठीत गुण फार नव्हते, पण काठावरचेही नव्हते. ती सगळ्या विषयांत पास होती. बाईंनी प्रगतिपत्रक देताना मला विचारलं, घरी कोण शिकवतं? मी 'मी' म्हणणार होते, पण ते पुरतं खरं झालं नसतं. मी म्हटलं, आम्ही दोघी, आणि एक दुकानवाल्या आंटी. बाईंना वाटलं असेल की मी थट्टा करतेय.

काकी बाजारातून आली तेव्हा बहीण दारातच उभी होती. आईशी बोलताना तिची जीभ आपोआप घरच्यासारखी सरळ झाली.

"आये, पास झाले."

काकीने पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि पदराला पुसले. मग म्हणाली, "ती नववीची शाला कुठं हाय, ते दाखव मला उद्या. बाजाराच्या वाटेवर असली तं सक्कालची मीच सोडीन."

बहिणीने मान हलवली. त्या शाळेच्या खिडकीजवळ एक टेबल आहे आणि त्यावर तो सूक्ष्मदर्शक असतो, हे ती आईला सांगायला लागली, आणि काकी विचारत होती की कांदा आपल्या घरचा न्यायचा का.