लाईन गेल्याचा रविवार

नवेगाव बांधच्या बाजारात मासे विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. मासे साफ करताना तो गिऱ्हाइकांना एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या गुप्तहेराची गोष्ट सांगतो. हेर दबकत चालला की त्याचे हात हळू होतात, हेर पळाला की खवले उडतात. मोबाइलवाली पोरंही तिथे थबकतात.

ती मालिका त्याने तरुणपणी इतर मासेमारांच्या पोरांसोबत माझ्या खिडकीबाहेर उभं राहून पाहिली. तेव्हा गावात टीव्ही माझ्याकडेच होता. शेवटच्या भागाच्या रविवारी घरी पाहुणे होते. पाहुण्यांना माशांचा वास येईल म्हणून मी बाहेरच्यांना "लाईन गेली" सांगितलं, खिडकी लावली आणि आवाज बारीक करून शेवट पाहिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी त्याने गोष्ट शेवटाला नेली. पुलावरची पावलं, दाराची कडी, हेराचा रोखलेला श्वास. माझ्या अंगावर काटा आला. गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "शेवट तुला कसा माहीत?"

"लाईन गेली होती नं, मास्तर?" तो हसला. "खिडकीखालीच बसलो होतो जी. बारीक आवाज येऊन राहिला होता."

"खोटं बोललो मी. तू कुणाला सांगितलं कसं नाहीस?"

"कायले सांगू? तुम्ही टीव्ही बंद नाई केला, तेवढंच बहुत झालं."

मी तो भाग डोळ्यांनी पाहिला होता. त्यातलं एकही दृश्य मला आठवत नाही. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "पुन्हा सांग."